शूऽऽऽ... मिक्सर झोपलाय!

घरात बाळ आलं की रोजचा मिक्सर राक्षस वाटायला लागतो, कुकरची शिट्टी भोंगा वाटते आणि डोअरबेल म्हणजे तर साक्षात शत्रू! पण बाळाच्या झोपेसाठी अख्खं घर म्यूट करावं लागतं का? एका अर्धवट झोपलेल्या आईने केलेला हा शोध.

दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. चाळीस मिनिटं झोके देऊन, दोन अंगाया आणि एका साबणाच्या जाहिरातीतली जिंगल गाऊन झाल्यावर आमच्या चिरंजीवांनी एकदाचे डोळे मिटले होते. मी श्वास रोखून पाळण्यापासून एकेक पाऊल मागे सरकत होते. दारापर्यंत पोहोचले. हॅंडलवर हात ठेवला. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, ठण्ण्ण्ण!

स्टीलचं ताट. फरशीवर. तेही नुसतं पडून गप्प बसलं नाही, गोल गोल फिरून आपली पूर्ण मैफल संपवूनच थांबलं.

पुढच्या सेकंदाला चिरंजीवांनी भोकाड पसरलं आणि त्याच्या पुढच्या सेकंदाला मी. ‘मावशी, किती वेळा सांगायचं हो तुम्हाला? एक काम धड होत नाही का?’ आणि बरंच काही. आमच्या मावशी चार वर्षं आमच्याकडे कामाला आहेत. मी बाळंतपणाहून घरी आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरून डिंकाचे लाडू करून आणले होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. ताट उचललं, उरलेली भांडी घासली, हात पुसले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

बाळाच्या मोडलेल्या झोपेचं खापर मी ज्या आवाजांवर फोडत होते, त्यातले बरेचसे निर्दोष होते, हे कळायला मला त्यानंतर तीन आठवडे लागले.

आमचा ‘सायलेन्स झोन’

कर्वेनगरमधला आमचा वन बीएचके. बेडरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. घरात मी, नवरा, साताऱ्याहून मदतीला आलेल्या सासूबाई आणि साडेतीन महिन्यांचे चिरंजीव. नवऱ्याचं आठवड्यातले तीन दिवस वर्क फ्रॉम होम. थोडक्यात काय, तर आवाज करायला माणसं भरपूर आणि पळून जायला जागा शून्य!

मग मी कर्फ्यू लावला. दुपारी एक ते चार मिक्सर बंद. कुकर सकाळी सातच्या आत. वॉशिंग मशीन बाळ बाहेर फिरायला गेलं तरच. नवऱ्याचे ऑफिसचे कॉल बाथरूममध्ये. (त्याच्या टीम लीडने एकदा ‘तुझ्याकडे पाऊस पडतोय का?’ असं विचारलं म्हणे. गीझरचा नळ गळत होता.) सासूबाईंनी तर चपला घालणंच सोडलं. त्यांना ठसका आला तरी त्या पदर तोंडावर धरून ड्राय बाल्कनीत जायच्या. मला तेव्हा ते काळजीचं लक्षण वाटलं होतं. आता वाटतं, आपल्याच घरात खोकायची चोरी झाली होती त्यांना.

बरं, एवढं करून बाळ झोपत होतं का? तर नाही. उलट घर जितकं शांत होत गेलं, तितका तो बारीकशा आवाजाने दचकायला लागला. आधी मिक्सरने उठायचा, मग चमच्याने, मग चक्क लाइटच्या बटणाच्या टिक्कने!

जुगाड नंबर एक, दोन आणि फसलेला तीन

अशा वेळी माणूस जे करतो तेच आम्ही केलं. जुगाड!

पहिला प्रयोग मिक्सरवर. मी त्याला एका जाडजूड टर्किश टॉवेलात गुंडाळलं. एक टॉवेल खाली, एक भोवती. आवाज खरंच जरा कमी झाला. तीन मिनिटांनी जळका वास यायला लागला आणि मिक्सर आपोआप बंद पडला. कारण अगदी साधं आहे. मोटर गार ठेवायला मिक्सर खालच्या आणि बाजूच्या फटींतून हवा खेचतो. त्या फटी बंद केल्या की मोटर तापते. नशीब, मिक्सरच्या बुडाशी जे लाल बटण असतं ना, ते अशाच वेळी वीज तोडायला असतं. ते उडालं म्हणून मोटर वाचली.

दुसरा प्रयोग याहून धोक्याचा, आणि तो माझाच. कुकरच्या शिट्टीवर मी घडी घातलेला नॅपकिन ठेवायला गेले. सासूबाईंनी जवळजवळ झेप घेऊन माझा हात धरला. ‘अगं, तिथूनच श्वास घेतो तो कुकर! तो कोंडलास तर शिट्टीऐवजी झाकण वाजेल.’ अगदी खरं. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर सोडणारं वजन. ते अडलं तर आतला दाब वाढत जातो आणि मग सगळी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर. तेव्हा प्लीज, कितीही झोपमोड होवो, कुकरच्या शिट्टीवर कधीही काहीही ठेवू नका.

तिसरा प्रयोग सासूबाईंचा. मिक्सर नको म्हणून त्यांनी दाण्याचं कूट करायला खलबत्ता काढला आणि फरशीवर बसून हळूहळू कुटायला सुरुवात केली. आमच्या बेडरूममध्ये आवाज जेमतेम. पण प्रत्येक ठोका फरशीतून थेट खालच्या फ्लॅटमध्ये! पाचव्या मिनिटाला खालचे काका वर आले. काय झालंय ते विचारायला त्यांनी काय केलं असेल? डोअरबेल वाजवली!

डॉक्टरांचा गृहपाठ

त्याच आठवड्यात चौदाव्या आठवड्याचं लसीकरण होतं. मी डॉक्टरांपुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी हसून विचारलं, ‘झोप मोडते ती आवाजानेच, हे कशावरून?’

कशावरून म्हणजे काय? मी आई आहे! पण लिहिलेलं काही होतं का माझ्याकडे? नव्हतं. त्यांनी गृहपाठ दिला. दोन आठवडे काहीही बदलायचं नाही आणि कर्फ्यूही उठवायचा. बाळ कधी झोपलं, कधी उठलं आणि उठण्याच्या आधीच्या मिनिटाला घरात काय झालं, एवढंच लिहायचं. आणि जाता जाता एक वाक्य, ‘घराची लायब्ररी करू नका. पोटात असतानासुद्धा त्याच्याकडे शांतता नव्हती.’

हे मला नवीन होतं. बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यात पोटातच ऐकू यायला लागतं. तिथे आईच्या हृदयाचे ठोके, रक्ताचा प्रवाह, पोटातली गुरगुर आणि बाहेरून झिरपत येणारं बोलणं, असा अखंड कार्यक्रम चालू असतो. त्यातून बाहेर आलेल्या जिवाला टाचणी पडेल अशी शांतता ओळखीची कशी वाटणार?

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी समजावल्या. एक, लहान बाळांचं झोपेचं चक्र साधारण पन्नास मिनिटांचं असतं. आपलं असतं नव्वदच्या आसपास. त्यातही नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप ही चुळबुळीची, हलकी झोप असते. चक्र संपताना ते हलतं, कुरकुरतं, कधी पूर्ण जागं होतं. दोन, अचानक आवाज झाला की बाळ हात फेकून, बोटं पसरून दचकतं ना, तो ‘मोरो रिफ्लेक्स’. तो चार ते सहा महिन्यांत आपोआप जातो. म्हणजे ताट पडल्यावर दचकणं हे कान आणि मेंदू नीट चालू असल्याचंच लक्षण. काळजी करायची ती मोठ्या आवाजालाही बाळ कधीच दचकत नसेल तर. तेव्हा मात्र कानांची तपासणी लगेच करून घ्यायची.

मीटर हाती घेतला आणि...

मासकॉममध्ये सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती, मत मांडण्याआधी मोजा. तेव्हा फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि घरभर फिरले. फोनचा माइक म्हणजे काही प्रयोगशाळेतलं यंत्र नाही, दोन-चार डेसिबल इकडेतिकडे होणारच. पण तुलना करायला पुरेसं.

आता डेसिबलचा फंडा थोडक्यात. हे माप साध्या बेरजेने चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे चाळीस आणि साठ यांत फरक ‘दीडपट’ नाही, तर कानाला चौपट!

पंखा दोनवर असताना आमची बेडरूम ४२. फ्रिजशेजारी ४३. सुकी चटणी वाटताना मिक्सरपासून हातभर अंतरावर ८९. तोच मिक्सर पाळण्याजवळ, दार उघडं असताना ६८ आणि दार लावून ५७. कुकरची शिट्टी स्वयंपाकघरात ८४. मशीनचं स्पिन ७४. हॉलमधली डोअरबेल ८१. आणि हो, बेडरूमच्या दारात उभं राहून मी सासूबाईंना केलेलं ‘शूऽऽऽ’? ६६!

आता हे आकडे कशाशी ताडून बघायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल आणि एखाद्या एकट्या आवाजासाठी ४५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात. पर्यावरण संरक्षण नियमांत घरगुती उपकरणांसाठीही मर्यादा आहेत, फ्रिज ४६, एअर कूलर ६०, विंडो एसी ६८. कारखान्यातून बाहेर पडतानाच त्या पाळल्या गेल्या पाहिजेत. मिक्सर मात्र त्या यादीत नाही!

पण खरा धडा वेगळाच होता. पंखा रात्रभर आवाज करतो आणि बाळ झोपतं. बटणाचा टिक्क होतो आणि बाळ उठतं. म्हणजे त्रास आवाजाच्या आकड्यापेक्षा त्याच्या उडीचा असतो. ४२च्या शांततेत ६८ची उडी बसली की दचकायला होतं. झोपलेलं बाळ एकसारख्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९७३ मध्ये नवजात बाळांसाठी जी तपासणीपद्धत आणली, त्यात हेच बघतात. झोपलेल्या बाळाजवळ खुळखुळा वाजवायचा, पुन्हा वाजवायचा आणि त्याची प्रतिक्रिया हळूहळू कमी होते का ते नोंदवायचं.

तेव्हा आपल्यासमोर कामं दोन. उडी लहान करायची आणि अचानकपणा घालवायचा.

भिंतीपलीकडचा मिक्सर

सगळ्यात मोठी चूक सगळ्यात सोपी निघाली. आमचा पाळणा ज्या भिंतीला टेकवला होता, त्याच भिंतीत पलीकडून स्वयंपाकघराचा ओटा बसवलाय! मिक्सरची थरथर कडाप्प्यातून भिंतीत आणि भिंतीतून थेट बाळाच्या उशाशी. पाळणा समोरच्या भिंतीकडे हलवला. खर्च शून्य रुपये.

मग दार. आवाज पाण्यासारखा असतो, फट मिळाली की येतो. आमच्या दाराखाली बोटभर फट होती. हार्डवेअरच्या दुकानात दाराखाली लावायची रबरी पट्टी मिळते, ती लावली. तोवर जुन्या चादरीची गुंडाळी करून ठेवत होतो, तिनेही बरंच काम झालं. भिंतीला अंड्याचे ट्रे लावा, असा सल्लाही एका मैत्रिणीने दिला. त्याने खोलीतला घुमणारा आवाज थोडा मरतो, पण पलीकडचा आवाज अडत नाही. जाड पडद्यांचंही तेच. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवायला लागतात.

शेवटी स्वतः मिक्सर. त्याची मोटर जोरात असताना मिनिटाला अठरा हजारांच्या आसपास फेरे घेते, त्यामुळे तो कुजबुजणार नाहीच. पण तो ओरडतो त्यात आपलाही वाटा असतो. आमच्या मिक्सरचे खालचे रबरी पाय झिजले होते आणि भांडं ज्यावर बसतं तो कपलर खाल्ला गेला होता. दोन्ही दुरुस्तीवाल्याने अर्ध्या तासात बदलून दिलं. खाली पातळ रबरी मॅट ठेवली, हवेच्या फटी मोकळ्या ठेवून. सुक्या खोबऱ्याचे मोठे तुकडे न टाकता किसून टाकायला सुरुवात केली. नवा घेणार असाल तर हल्ली बीएलडीसी मोटरचे मिक्सर आलेत. त्यात कार्बन ब्रश घासत नाहीत. दुकानात मात्र रिकामा नाही, काहीतरी टाकून चालवून दाखवा म्हणावं.

या सगळ्यानंतर पुन्हा मीटर धरला. पाळण्याजवळ मिक्सरचा आवाज ५७वरून ४९ झाला. पंखा एक घर वाढवल्यावर खोलीचा आवाज ४६. म्हणजे उडी उरली फक्त तीन डेसिबलची! सासूबाईंनी घाबरत घाबरत चटणी वाटली. चिरंजीवांनी एक सुस्कारा सोडला, कूस बदलली आणि झोपले. मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघत राहिलो. वर्ल्ड कप जिंकल्यासारखं वाटत होतं!

शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा

कुकरचा तोडगा सासूबाईंचाच. शिट्टी ही अन्न शिजल्याची खूण नाहीच. दाब पुरेसा झाला आणि आता जादा वाफ बाहेर पडतेय, एवढाच तिचा अर्थ. दाब एकदा आला की डाळ शिजायला मोठी आच लागत नाही. तेव्हा वजन हलायला लागलं, सुस्कारे टाकायला लागलं की गॅस अगदी बारीक करायचा आणि मोबाइलवर टायमर लावायचा. डाळ अर्धा तास आधी भिजवलेली असेल तर वरण-भाताला आमच्याकडे दहा मिनिटं पुरतात. शिट्टी एकही नाही. मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची. गॅसही वाचतो, हा बोनस.

बाकीची वाजंत्री

वॉशिंग मशीन नाचत असेल तर दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. चारही पाय जमिनीला नीट टेकले आहेत का ते बघा, पाय फिरवून उंची कमी-जास्त करता येते. एकटी जाड चादर टाकली की ती एका बाजूला गोळा होते आणि ड्रम ठोके देतो, म्हणून तिच्याबरोबर दोन-चार कपडे टाका. बाळ झोपलेलं असताना स्पिनचा वेग कमी ठेवा. नवं फ्रंट लोड मशीन असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत ना, याची खात्री करा. ते तसेच राहिले तर मशीन अख्ख्या बाल्कनीत फिरायला निघतं.

फ्रिज खडखडतो तो कित्येकदा वरच्या बरण्यांमुळे किंवा मागे भिंतीला टेकल्यामुळे. चार बोटं पुढे ओढा. पंखा कमी वेगावर गुणगुणत असेल तर रेग्युलेटर बघा. गोल फिरणाऱ्या, सलग वेग बदलणाऱ्या काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने मोटरचा हा हमिंग आवाज येतो. टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर बसवला की बहुधा जातो. मायक्रोवेव्हचं बीप अनेक मॉडेलमध्ये बंद करता येतं, मॅन्युअल उघडून बघा (कधी नव्हे ते). आणि लाकडी टेबलावरचा व्हायब्रेट होणारा फोन म्हणजे छोटा ड्रिलच. त्याखाली रुमाल ठेवा.

डोअरबेलसाठी आम्ही इलेक्ट्रिशियनकडून एक स्विच बसवून घेतला. दुपारी बेल बंद आणि दारावर पाटी, ‘बाळ झोपलंय, फोन करा’. कुरिअर आणि जेवण आणणारी मुलं इतकी समजूतदार निघाली की काय सांगू!

व्हाइट नॉइज, चांगलं की वाईट?

मग मैत्रिणी विचारतात, सरळ व्हाइट नॉइजचं मशीनच का नाही लावत? उपयोग होतो, यात शंका नाही. १९९० मध्ये लंडनमध्ये चाळीस नवजात बाळांवर अभ्यास झाला. व्हाइट नॉइज ऐकवलेल्या वीसपैकी सोळा बाळं पाच मिनिटांत झोपली, न ऐकवलेल्या वीसपैकी फक्त पाच.

पण बॉस, इथेही आकडा महत्त्वाचा. २०१४ मध्ये ‘पेडिआट्रिक्स’ या नियतकालिकात बाळांसाठीच्या १४ मशिन्सची तपासणी प्रसिद्ध झाली. पूर्ण आवाजावर, ३० सेंटिमीटर अंतरावर त्या सगळ्याच ५० डेसिबलच्या वर गेल्या आणि तीन तर ८५च्या वर. म्हणजे मिक्सरपासून बाळाला वाचवायला उशाशी दुसरा मिक्सरच! तेव्हा मशीन असो किंवा फोन, पाळण्यापासून किमान दोन मीटर लांब, आवाज अगदी कमी आणि बाळ झोपलं की बंद. आम्हाला तर पंखाच पुरला.

डायरीने दिलेला निकाल

आणि आता ती डायरी. चौदा दिवसांत दिवसाची झोप मोडली ५२ वेळा. त्यातल्या ३५ वेळा घरात कसलाही आवाज झालेला नव्हता. भूक, ओला लंगोट, नाहीतर झोपेला पन्नासेक मिनिटं होऊन गेलेली. उरल्या १७. त्यात डोअरबेल ६, माझा स्वतःचा फोन ४, मिक्सर ३, कुकर २, नवऱ्याची खुर्ची १.

आणि भांडी? १.

त्या दोन आठवड्यांत भांडी सासूबाई घासत होत्या. रोज तोच सिंक, तीच वेळ, तीच ताटं आणि तोच खणखणाट. एकदाच उठलं बाळ. मी पान उलटून पुन्हा मोजलं. माझ्या फोनच्या नावापुढे चार रेघा होत्या आणि मला अजून कोणी काही बोललं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मावशींना सोसायटीच्या गेटवर गाठलं. त्या बी विंगमधलं काम आटपून निघाल्या होत्या. मी काहीतरी झोपेचं, थकव्याचं सांगायला लागले. मग तेही सोडलं आणि सरळ म्हटलं, ‘मावशी, माझं चुकलं.’

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, ‘ताई, ताटाचं काय, पडलं की वाजणारच. मला तुमचा आवाज लागला.’

याला डेसिबलमध्ये उत्तर नव्हतं. मी मान खाली घातली. मग त्यांनीच विचारलं, ‘बाळ झोपतं का आता?’ दुसऱ्या दिवशी त्या आल्या. येताना एक जुनं, जाड सुती फडकं घेऊन आल्या आणि सिंकच्या तळाशी अंथरलं. भांडं सुटलं तरी खण्णकन वाजत नाही. इतक्या सोप्या गोष्टीसाठी मी इंटरनेटवर तीन रात्री घालवल्या होत्या!

फ्रिजवर चिकटवा

• पाळणा स्वयंपाकघराच्या, बाथरूमच्या आणि लिफ्टच्या भिंतीपासून लांब ठेवा. दाराखालची फट बुजवा.

• मिक्सर गुंडाळू नका. पाय, कपलर तपासा, खाली पातळ रबरी मॅट ठेवा.

• कुकरच्या शिट्टीवर काहीही ठेवायचं नाही. कधीच नाही!

• पंख्यासारखा एकसारखा हलका आवाज चालू द्या. मशीन वापरलं तर दोन मीटर लांब, कमी आवाजात.

• बाळाच्या कानात कापूस घालू नका. आवाज अडवण्यासाठी पाळण्यात उशा, रजया रचू नका, गुदमरण्याचा धोका असतो.

• मोठ्या आवाजालाही बाळ दचकत नसेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

• आठवडाभर लिहून ठेवा. मग ठरवा, कोणावर ओरडायचं ते.

आता कर्फ्यू उठलाय. दुपारी मिक्सर चालतो, सासूबाई घसा मोकळा करून खोकतात, नवरा हॉलमध्ये बसून कॉल घेतो. परवा गुरुवारी दुपारी चिरंजीव गाढ झोपले होते. मिक्सर चालू, मशीन चालू, पंखा तीनवर. आणि वीज गेली. एका क्षणात सगळं घर बंद. महिनाभर मी जिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं, ती टाचणी पडेल अशी शांतता एकदाची पसरली.

आणि चिरंजीवांनी डोळे उघडले.